उभयचर गाडीला पंखा बसवताना आधी बूड सांभाळा

सहा चाकांची उभयचर गाडी पहिल्यांदा पाण्यात शिरताना पाहिली की माणूस हरखतो. चिखलातून आली, तशीच सरळ तलावात गेली आणि तरंगायला लागली! दहा मिनिटांनी तोच माणूस विचारतो, "एवढंच का पळते?" आमच्या वर्कशॉपमध्ये एका कृषी पर्यटनवाल्यानं अशी जुनी गाडी आणून उभी केली, तेव्हा त्याचाही प्रश्न हाच होता. "मालक, मागं एक पंखा लावून द्या, बोटीसारखी पळाली पाहिजे." आम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीतले फॅब्रिकेशनवाले. लूमचे सुटे भाग, शेड, ट्रॉल्या हा रोजचा धंदा. पाण्याशी संबंध पिण्यापुरता, आणि सोलापुरात तोही चार-पाच दिवसांनी. पण काम अंगावर घेतलं, चुका केल्या, त्यातून जे कळलं ते इथं लिहितो. ज्यांनी अशी गाडी नुकतीच घेतली आहे आणि पंख्याचा, म्हणजे पाण्याखाली फिरणाऱ्या प्रोपेलरचा, विचार चालू आहे, त्यांच्यासाठी.

गाडीला बोटीसारखं पळवणं जमत नाही, हे आधीच सांगतो. पंखा कशासाठी लावायचा ते त्यानंतर.

या गाड्यांना पाण्यात टायरच ढकलतात. टायरच्या नक्षीतले उभे दात पाणी मागं लोटतात आणि गाडी पुढं सरकते. पण टायरचा खालचा भाग पाणी मागं लोटत असतो, तेव्हा वरचा भाग पुढं फिरत असतो. वरचा भागही पाण्यात बुडालेला असेल तर एक हात ढकलतो आणि दुसरा अडवतो. लष्कराची बीएमपी ही चिलखती गाडी रणगाड्यासारख्या लोखंडी पट्ट्यांवर पोहते, तिच्यातही हाच घोळ होतो, म्हणून पट्ट्यांच्या वरच्या बाजूला पाण्याचा प्रवाह वळवणारी झाकणं असतात. आपल्या गाडीत ते काम मडगार्ड थोडंफार करतं. एकूण काय, नुसत्या टायरवर ताशी ४-५ किलोमीटर म्हणजे चालणाऱ्या माणसाचा वेग.

पंखा लावल्यावर किती मिळेल? पाण्यात अर्धवट बुडून जाणारी कुठलीही वस्तू स्वतःच्या लाटेत अडकते. लांबी जेवढी कमी, तेवढ्या कमी वेगाला अडकते. पाण्याला टेकलेली लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ४.५ नं गुणा. ताशी किलोमीटरमधली मर्यादा मिळते. अडीच मीटरच्या गाडीला साधारण ७ येतात. त्यात खाली सहा टायर लोंबकळत असतात, म्हणजे प्रत्यक्षात ६ मिळाले तरी देवाची कृपा. २ एचपीऐवजी १० एचपीचं मशीन लावलं तर वेग वाढत नाही. नाक वर जातं, बूड, म्हणजे मागचं टोक, खाली बसतं आणि मागून पाणी आत येतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन श्विमवागेन किंवा अमेरिकी डक या उभयचर गाड्यांना पंखे होते, पण त्यांचं अंगच तरंगण्यासाठी घडवलेलं होतं. आपली गाडी म्हणजे चाकं लावलेला टब.

मग पंखा हवा कशाला? वाऱ्यासाठी. माझ्या मते त्याचं खरं कारण हेच.

हिशेब बघा. गाडी आणि वर बसलेली माणसं मिळून वाऱ्याला समोरून साधारण दीड चौरस मीटर अंग दिसतं. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याला हे अंग साधारण ९ किलोच्या जोरानं मागं ढकललं जातं. वारा दुप्पट झाला, म्हणजे ७२ झाला, की जोर चौपट, ३७ किलो. टायरच्या जोरावर पहिला वारासुद्धा जड जातो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं दुपार कशी असते ते सांगायला नको. तीन वाजेपर्यंत पान हलत नाही, साडेचारला पश्चिमेकडं काळं होतं आणि वळवाआधीचा वारा धुळीची भिंत घेऊन येतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. बोट होती ती, आपल्या टबापेक्षा पाण्याला कितीतरी सरावलेली. म्हणून पंखा बसवताना एकच प्रश्न विचारायचा. वारा सुटला तर हा मला काठावर परत आणेल का?

आधी गाडी तरंगवून बघा

मशीन विकत घ्यायच्या आधी गाडी रिकामी पाण्यात घाला. शेततळ्यात मात्र नाही. सांगोला-मंगळवेढ्याकडं डाळिंबवाल्यांची मोठमोठी शेततळी आहेत, मोह होतो. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या उतारावरून ओली गाडी वर येत नाही, माणूससुद्धा येत नाही. शिवाय कागद फाटला की शेतकऱ्याचं नुकसान वेगळंच. गावचा पाझर तलाव बरा. उतार मुरमाचा, पाणी थांबलेलं, ग्रामपंचायतीला विचारलं की झालं.

टबाच्या चारी कोपऱ्यांना बाहेरून रंगीत टेप लावा आणि पाणी कुठवर आलं ते मार्करनं लिहा. मग पाण्याचे २० लिटरचे जार आत ठेवत जा. एक जार म्हणजे २० किलो, वजनकाटा लागत नाही. माणसांच्या जागी माणसांइतके, बॅटरीच्या जागी बॅटरीइतके, आणि मागच्या टोकाला मशीन व ब्रॅकेट मिळून जेवढं होईल तेवढे. प्रत्येक वेळी चारी कोपरे बघायचे. गाडीच्या पुस्तकात जमिनीवरचा भार आणि पाण्यातला भार वेगवेगळा दिलेला असतो. पाण्यातला कमी असतो आणि लोक नेमका तोच वाचत नाहीत. आम्ही ठरवलेला नियम असा: सगळा भार चढवल्यावर मागच्या कोपऱ्यात पाणी आणि टबाची कड यांत वीतभर तरी अंतर राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर एक माणूस कमी करा. मशीन लहान घ्या. कड उंच करायच्या जुगाडाला हात घालू नका.

टायरमध्ये हवा किती आहे तेही तेव्हाच बघून घ्या. हे टायर कमी हवेचे, फुगलेले असतात. एकेक टायर अंदाजे पन्नास-साठ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे तेवढ्या किलोंचा आधार देतो. मागचा एक टायर बसला की ते बूड लगेच झुकतं.

मशीन कोणतं

तीन वाटा आहेत. पहिली, गाडीच्याच एक्सलवरून पंखा फिरवायची. कागदावर ही सगळ्यांत देखणी, आणि आमच्या वेल्डरचं मन तिथंच अडकलं होतं. पण २४ इंची टायर ताशी ३० किलोमीटरला मिनिटाला जेमतेम २६० फेरे घेतो. लहान पंख्याला हजाराच्या पुढं लागतात. म्हणजे चौपट वाढवणारी चेन-स्प्रॉकेट, त्याला पाणी न शिरणारी पेटी, वाकणारा शाफ्ट, सील. नवख्यानं या वाटेला जाऊ नये. आम्हीही गेलो नाही, वेल्डर अजून रुसलेला आहे.

दुसरी वाट, मागं लटकवायचं लहान पेट्रोल मशीन. २ ते ५ एचपी पुष्कळ झालं. सव्वादोन-अडीच एचपीचं हवेनं थंड होणारं मशीन १३-१४ किलोचं असतं, ५ एचपीचं त्याच्या जवळपास दुप्पट. ताकद भरपूर, पण सगळं वजन शेवटच्या टोकाला. पाण्यानं थंड होणारं घेतलं तर गाळ आणि शेवाळ आत ओढून त्याचा घसा बसतो. बाजूनं निघणारी पाण्याची बारीक धार चालू आहे ना, याकडं सतत लक्ष हवं.

तिसरी वाट, १२ व्होल्टची इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर. मासे धरणारे हौशी लोक वापरतात ती. तिची ताकद पौंडात लिहिलेली असते. ५५ पौंड म्हणजे साधारण २५ किलोचा रेटा. वरचा वाऱ्याचा हिशेब आठवा. ३६ च्या वाऱ्याला ती आरामात पुरते, ७२ च्या वाऱ्याला नाही. मोटर हलकी असते आणि बॅटरी आपल्याला हवी तिथं, म्हणजे पुढं आणि तळाशी ठेवता येते. बूड हलकं राहतं. आम्ही हीच घेतली. ज्यांना उजनीसारख्या रुंद पाण्यात जायचं आहे त्यांनी पेट्रोल मशीन घ्यावं, किंवा खरं म्हणजे बोट घ्यावी.

बॅटरीबद्दल दोन शब्द. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर काढून आणू नका. पन्नास किलोची असते आणि तिरकी झाली की ॲसिड सांडतं. ई-रिक्षाची लेड बॅटरी चालते, पण १०० एएचची (अँपिअर-तासांची) असली तरी निम्मीच वापरायची. मोटर पूर्ण जोरात ५० अँपिअर खाते, म्हणजे तास पुरायचा मुश्किलीनं. १०० एएचची लिथियम फॉस्फेट १२ किलोच्या आसपास भरते आणि दीड तास देते. महाग आहे. पण जारचा खेळ खेळलेल्या माणसाला त्या १५-२० किलोंची किंमत कळते. वेग निम्मा ठेवला की लागणारी ताकद साधारण आठव्या हिश्शावर येते, त्यामुळं सावकाश गेलात तर हीच बॅटरी अर्धा दिवस चालेल. फक्त सोलापूरच्या उन्हात ती लोखंडी पेटीत बंद करून ठेवू नका, आणि तापलेली असताना लगेच चार्जिंगला लावू नका.

ब्रॅकेट

पहिली चूक आम्ही इथं केली. टबाच्या मागच्या भिंतीला चार भोकं पाडली आणि ॲल्युमिनियमची प्लेट नटबोल्टनं आवळली. बाहेरून सिलिकॉन फासलं. हा टब पॉलिथिनचा असतो. पाण्याच्या काळ्या टाकीला सिलिकॉन कसं सोलून निघतं ते पाहिलं असेलच, पॉलिथिनला काहीच चिकटत नाही. पहिल्याच फेरीत भोकांतून पाणी झिरपलं, आणि मोटर जोरात चालवली की भिंत आत-बाहेर श्वास घ्यायची. भोकं शेवटी त्याच जातीच्या प्लास्टिकच्या कांड्या वितळवून बुजवली.

योग्य जागा समोरच होती, ट्रॉली ओढायचा हुक. तो आतल्या लोखंडी फ्रेमला जोडलेला असतो, म्हणजे पंख्याचा रेटा थेट फ्रेमवर जातो. हुकाच्या चौकोनी पाइपात बसेल असा दांडा करा, त्यावर उभी प्लेट आणि प्लेटवर मरीन प्लायची फळी. मशीनचे चिमटे फळीला चावतात. बोल्ट स्टेनलेसचे, नट नायलॉक. दांड्याला आरपार पिन, आणि मशीनला वेगळी दोरी बांधून फ्रेमला अडकवलेली. पाण्यात पडलेलं मशीन शोधायला कुणी येत नाही. टबाला भोक पाडणं टळत नसेल, तर रबराचं पॅकिंग आणि आतून-बाहेरून मोठे वॉशर हेच. चिकटवण्यावर भरवसा नको.

खोली अशी धरा: पंखा गाडीच्या मधोमध, दोन्ही मागच्या टायरांच्या घुसळलेल्या पाण्यापासून दूर, आणि त्याचं वरचं पातं पाण्याखाली वीतभर. वर राहिला तर हवा ओढतो, आवाज मोठा करतो आणि ढकलत काही नाही. पेट्रोल मशीनला पंख्याच्या वर आडवी चकती असते, ती टबाच्या तळापेक्षा दोन-तीन बोटं खाली ठेवायची. एवढा खाली गेलेला पंखा जमिनीवर पहिल्या दगडाला तुटेल, म्हणून तो वर उचलता आलाच पाहिजे. श्विमवागेनचा पंखासुद्धा असाच बिजागरीवर होता, पाण्यात उतरल्यावर खाली पाडायचा. तो उलटा फिरत नसे. मागं यायचं झालं तर चाकं उलटी फिरवा नाहीतर वल्हं मारा. आपल्यालाही वल्हं ठेवावंच लागतं.

वायरिंग, आणि दोरीचा काटा

५० अँपिअरला घरातली वायर चालत नाही. बॅटरी पुढं आणि मोटर मागं, जाऊन-येऊन सहा मीटर तांबं. ६ चौरस मिमीच्या केबलमध्ये जवळपास एक व्होल्ट वाटेतच जातो, १६ च्यामध्ये त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा जास्त. १६ घ्या. बॅटरीच्या अगदी जवळ ६० अँपिअरचा ब्रेकर. जोड टबाच्या तळाला ठेवू नका, तिथं पाणी साचतंच.

आता गंमत. गाडी तोंड पाण्याकडं करून तरंगवा, मागच्या फ्रेमला दोरी बांधून काठावरच्या बाभळीला अडकवा आणि मध्ये कांद्याची पोती तोलायचा लटकता काटा लावा. मग मोटर सरळ, पूर्ण जोरात चालवा. आम्ही आधी दोरी पुढून बांधली आणि दोन मिनिटं दोरी ढिली का म्हणून एकमेकांकडं बघत बसलो. बारीक केबलवर काटा २१ ला थांबला. केबल बदलली, २४. आतापर्यंत जे नुसतं ऐकत होतो ते वेल्डरला आकड्यात दिसलं आणि त्याचा रुसवा तेवढ्यापुरता गेला. हा काटा लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच कमी दाखवायला लागला की बॅटरी थकली किंवा पातं झिजलं असं समजायचं.

पाण्यात जाणं आणि बाहेर येणं

आत जाताना पंखा वर, गाडी सरळ, तिरकी अजिबात नाही, आणि खालच्या गिअरवर. बांबूवर फुटाच्या खुणा करून ठेवा, खोली त्यानं मोजायची. सगळे टायर तळापासून सुटले की पंखा खाली. टायर मंद फिरते ठेवले तर तेही हातभार लावतात, थांबलेले टायर नुसते अडवतात. दिशा मागचा माणूस मोटरच्या दांड्यानं सांभाळतो. ड्रायव्हरच्या हातात टायरचं वळण आहेच, पण पाण्यात ते सुस्त असतं.

खरा धोका परत येताना. पहिल्या दिवशी सगळं छान झालं, फोटो काढून झाले, शेंगाचटणी आणि कडक भाकरी काठावर वाट बघत होती. काठाला पुढची चाकं लागली, गाडीनं नाक वर केलं, आणि मागं मी, वेल्डर आणि मोटर. मागची कड पाण्याला टेकली. पाणी आवाज न करता, एखाद्या ताटातून सांडावं तसं सपाट आत आलं. पायाला गार लागलं तेव्हा कळलं. पाणी गुडघाभरच होतं म्हणून हसलो. काठावर जाळं विणत बसलेले एक मामा म्हणाले, "पंख्याचं काय घेऊन बसलाय मालक, बूड बघा की."

तेव्हापासूनचा क्रम: काठ दहा हातांवर असताना पंखा बंद करून वर. मागची माणसं सरकून पुढं. मग टायरवर, हळू, सरळ. खडा काठ असेल तर दुसरी जागा शोधायची. आत साचलेलं पाणी काढायला ताशी चार हजार लिटरचा लहान पंप तळाला मागं बसवा, त्याची वायर मोटरपासून वेगळी.

जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, सीटखाली नाही. पेट्रोल मशीन असेल तर ते बंद करायची दोरी चालवणाऱ्याच्या जॅकेटला अडकवलेली. तरंगण्यासाठी टबात थर्माकोल भरायची कल्पना सगळ्यांना सुचते, पण पेट्रोल सांडलं की थर्माकोल विरघळून लगदा होतो. बंद पेशींचा पॉलिथिन फोम घ्या, नाहीतर बूच घट्ट लावलेले रिकामे कॅन.

जाळी, जलपर्णी, खुंट

उजनीचा पाणीसाठा उणे झाला की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पंखेवाल्यानं त्याच्या उलट विचार करायचा. पाणी जरा वर असताना असल्या भिंती, वेड्या बाभळीचे खुंट, जुने बांध हातभर खाली दबा धरून असतात. पंख्याच्या दांड्यात एक मऊ पिन असते, पातं अडलं की ती तुटते आणि मोटर वाचते. तशा चार पिना आणि एक पक्कड हँडलला बांधून ठेवा. आमची पहिली पिन तुटली तेव्हा सुट्या पिना वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये होत्या. टायरवर परत आलो. टायरची वाट बंद पडेल असा कुठलाही बदल करू नका, हे त्या दिवशी पटलं.

जलपर्णीत पंखा नेऊच नका, टायर तिच्यावरून बरे जातात. जाळ्यांचे तरंगते डबे-बाटल्या दिसल्या की लांबून वळसा. एकदा पात्यात जाळं गुंडाळलं गेलं, ते कापावं लागलं, भरपाई दिली, आणि द्यायलाच हवी होती.

पुराचं पाणी हा वेगळा विषय आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं माढा-मोहोळकडं काय केलं ते पाहिल्यावर अनेकांना वाटलं, आपल्याकडं अशी गाडी पाहिजे. पाणी सेकंदाला दीड मीटर वाहत असेल तर ते ताशी साडेपाच किलोमीटर झालं, म्हणजे तुमचा सगळा वेग जागेवर उभं राहण्यात गेला. वाहत्या पुरात ही गाडी घालू नका.

कागदांचं थोडक्यात. ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही, पिकअपमध्ये किंवा ट्रॉलीवर न्यायची. मशीन लावून पाण्यात चालणाऱ्या साधनाला २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू होतो, राज्यात ते काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं, आणि जलाशयात उतरायला जलसंपदा खात्याची परवानगी लागते. पर्यटकांना पैसे घेऊन बसवणार असाल तर हे आधी, गाडी नंतर. हिप्परग्याचा तलाव सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्याशी जोडलेला आहे, तिथं पेट्रोल मशीन घेऊन जाऊच नये.

घरी आल्यावर तासभराचं काम राहतं. प्रत्येक एक्सलच्या बेअरिंगला ग्रीस गन लावून जुनं ग्रीस पाण्यासकट बाहेर येईपर्यंत दाबायचं. पंख्याचा नट काढून आत नायलॉनची दोरी गुंडाळली आहे का बघायचं, ती सील कापते. तळाची बुचं काढून गाडीचं नाक उंच करायचं आणि गाळाचं पाणी जाऊ द्यायचं.

ती बुचं परत लावायला माणूस विसरतो. आम्ही ती इंजिनच्या किल्लीलाच साखळीनं बांधली आहेत. बुचं जागेवर बसवल्याशिवाय किल्ली मोकळी होत नाही.